चुऱ्याचा भाव

मॅनेजर झालेल्या नातेवाइकाला तुम्ही भर रस्त्यात ओळख देता का? घाईने 'हो' म्हणू नका. तुमचा मॅनेजर कदाचित एखाद्या बँकेत बसत असेल, इस्त्रीचा शर्ट घालत असेल, दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा पाठवत असेल. त्याला ओळख द्यायला तुमचं काही जात नाही. माझा मॅनेजर हा माझा सख्खा मामा आहे आणि भाचीला चारचौघांत मान खाली घालायला लावण्यात त्याचा हात धरणारा माणूस आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर नाही. त्याच्यामुळे मी रत्नागिरीच्या बाजारात वाट वाकडी केली आहे, लग्नाच्या मांडवातून मागच्या दाराने निघाले आहे आणि एकदा तर एस.टी.त शेजारी बसूनही 'हे कोण गृहस्थ' असा चेहरा करून खिडकीबाहेर पाहिलं आहे.

यात थोडा दोष माझ्या घडणीचा आहे. माझे वडील लोट्याला एका केमिकल कंपनीत पाळीवर जातात, सुट्टीला तेवढे घरी येतात आणि येताना युनियनची पत्रकं घेऊन येतात. आमच्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरापासून फडताळातल्या डब्यांखालच्या कागदापर्यंत सगळी पत्रकंच. शाळेत बाईंनी 'क' कशाचा असं विचारलं तेव्हा सगळी मुलं 'कमळाचा' म्हणाली, मी 'कामगाराचा' म्हणाले. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागले. आमच्या घरी रागाच्या भरात एकमेकांना 'गाढव' म्हणत नाहीत, 'मॅनेजर' म्हणतात. अशा घराचा सख्खा मामा मॅनेजर झाला, म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या.

तसा मामा जन्मभर बंदरावरच्या एका मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यात मशीनवर होता. त्याच्या शर्टाला अमोनियाचा वास यायचा आणि त्याचे हात ऐन मे महिन्यातही गार असायचे. लहानपणी ताप आला की आई मला डॉक्टरकडे न्यायच्या आधी मामाचा हात कपाळावर ठेवून घ्यायची. जुने मॅनेजर निवृत्त झाले तेव्हा कमिटीने मामाला त्यांच्या खुर्चीत बसवलं, एका अटीवर: शहरात शनिवार-रविवारी एक वर्ग चालतो, तो त्याने पुरा करायचा. वर्गाचं नाव 'व्यवस्थापकांसाठी अर्थशास्त्राची मूलतत्त्वे'. तिथे शोरूमचे, पतपेढ्यांचे, हॉटेलांचे तरुण मॅनेजर लॅपटॉप घेऊन मागच्या बाकांवर बसायचे आणि पहिल्या बाकावर स्टीलचा डबा शेजारी ठेवून माझा मामा. पहिल्या रविवारी तो वर्गातून थेट आमच्याकडे आला, चहाला हात न लावता मला म्हणाला, "बाय, इतकी वर्षं आपण सगळे अर्थशास्त्रच करत होतो. आणि कुणी सांगितलंच नाय."

मी म्हटलं, "मामा, ती मालकांची पोथी आहे."

"असंल," तो म्हणाला. "पण अर्थ लागतोय तिचा."

तिथून आमच्या कुटुंबाची शांतता संपली. इतर माणसं शिकलेलं परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मामा शिकलेलं त्याच आठवड्यात माणसांवर करून बघायचा. गणपतीत त्याने घटत्या उपयोगितेचा नियम हाती घेतला. पहिला मोदक खाताना जेवढं सुख होतं तेवढं दुसऱ्याला होत नाही, तिसऱ्याला त्याहून कमी, असा तो नियम. घरी आरतीला आलेल्या प्रत्येकाच्या पानाशी मामा वाकून उभा राही आणि दर मोदकाला दहापैकी किती गुण ते विचारी. शेजारचे जोशी पानावरून उठता येईना इतके मोदक खाऊन बसले होते, डोळे पांढरे व्हायला आले होते, आणि तरी शेवटच्या मोदकाला त्यांनी पहिल्यापेक्षा जास्त गुण दिले. वर "वहिनींच्या हाताला हो चव" असंही म्हणाले. मामा फार अस्वस्थ झाला. पुढच्या रविवारी त्याने वर्गात उभं राहून सरांना सांगितलं, की यजमानीण ऐकत असेल तर कोकणात हा नियम चालत नाही. सरांनी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून घेतलं म्हणे. मामी मात्र त्या गणपतीत मामाशी विसर्जनापर्यंत बोलली नाही.

मग संधी खर्च आला. एक गोष्ट करायला आपण जी दुसरी गोष्ट सोडतो, ती पहिलीची खरी किंमत, असं त्याचं म्हणणं. मामाला हे इतकं आवडलं की घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तो पाणी द्यायच्या आधी विचारू लागला, "इथं येण्यासाठी काय सोडून आलास?" पोस्टमनला विचारलं, भटजींना विचारलं, दारात चुकून शिरलेल्या कुरिअरवाल्याला विचारलं. माझ्या मावसबहिणीला बघायला गुहागरहून मुलगा आला, पोहे फिरले, सुपाऱ्यांच्या बागेची चौकशी झाली आणि मामाने खुर्ची पुढे ओढून मुलाला अगदी मायेने विचारलं, "आमच्या हिला बघायला येताना कुठली मुलगी सोडून आलात?" मुलगा सरळ स्वभावाचा होता. म्हणाला, "चिपळूणची." त्याच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. माझी मावसबहीण पदरात तोंड घालून हसत होती, कारण तिला हे स्थळ मुळात नकोच होतं, पण ते आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी मी मागच्या पडवीत जाऊन नारळाच्या करवंट्या मोजण्याचं नाटक करत उभी होते.

आणि बुडीत खर्च. गेलेला पैसा काही केल्या परत येणार नाही, तेव्हा पुढचं ठरवताना त्याचा विचार करू नये. हे पटल्यावर मामाने आम्हा सगळ्यांना मुरुडच्या समुद्रावर न्यायला काढलं. दापोलीच्या स्टँडवर गाडी बदलताना त्याच्या लक्षात आलं की ऊन फार आहे, मजा येणार नाही, आणि तिकिटाचे पैसे आता बुडीत आहेत, म्हणून शास्त्राप्रमाणे इथूनच परत फिरावं. हे त्याने फलाटावर उभं राहून, आजूबाजूच्या प्रवाशांनाही कळेल अशा आवाजात समजावून सांगितलं. मामी डब्यांची पिशवी उचलून मुरुडच्या गाडीत चढली. आम्ही तिच्या मागे चढलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा मामा त्याच बाकावर बसलेला होता, वही मांडीवर आणि चेहरा उन्हाने तांबडा. "समुद्र कसा होता?" त्याने विचारलं. मामी म्हणाली, "वसूल."

बाजारातही त्याने सोडलं नाही. सुंदरामावशी ही बंदरासमोरच्या रस्त्यापलीकडे मासळी घेऊन बसणारी बाई. माझी आजी, म्हणजे मामाची आई, हयात होती तोवर तिच्या शेजारी बसून मासळी विकायची. मामा पोरवयात दोघींच्या पाट्यांमध्ये झोपलेला असायचा. त्या सुंदरामावशीला मामाने मागणीची लवचिकता विचारली: बांगड्याचा भाव वाढवलास तर तुझं किती गिऱ्हाईक जाईल? तिने पाटीवरची माशी हाकलली आणि म्हणाली, "तू गेलास तरी पुरे हाय." बायका हसल्या. मामाही हसला आणि त्याने ते वहीत लिहिलं. मी टोमॅटोच्या गाडीमागे होते.

इथवरच्या लाजेला मी लाज म्हणते खरी, पण ती पावसात छत्री उलटी होण्यातली लाज होती. पुढची तशी नव्हती.

बर्फ कारखान्यात बर्फाच्या लाद्या निघतात, त्या क्रशरमध्ये फोडून बोटींना भरतात. फोडताना तोंडाशी चुरा सांडतो. हा चुरा मासळीवाल्या बायकांनी टबातून न्यायचा, मासळीवर पसरायचा, ही रीत कारखाना झाला तेव्हापासूनची. कुणी ठरवली नाही, कुणी लिहिली नाही. पहाटे बायका क्रशरपाशी जमायच्या, चुरा भरायच्या, जाताना खराट्याने जागा झाडून पाण्याची वाट मोकळी करायच्या. वर्गात धडा आला टंचाईचा: जी वस्तू हवी असते आणि पुरेशी नसते तिला किंमत असते, फुकट काही नसतं, त्याची किंमत दुसरं कुणीतरी भरत असतं. त्या आठवड्यात मामाने क्रशरच्या वर खिळा ठोकला आणि स्वतःच्या हाताने रंगवलेला बोर्ड टांगला: चुऱ्याला टबामागे भाव. भाव अगदी क्षुल्लक होता, एका बांगड्याचाही नव्हता. मामा सगळ्यांना सांगत होता, बघा, कुणाला जड होणार नाही.

पहाटे बायका आल्या. बोर्ड वाचला. सुंदरामावशीने रिकामा टब काखेत धरला आणि ती मागे वळली. तिच्यामागे सगळ्या वळल्या. दुसऱ्या दिवसापासून कुणी फिरकलं नाही. चुरा क्रशरच्या तोंडाशी ढिगाने पडून राहायचा, वितळायचा आणि गटारात जायचा. जागा कुणी झाडेना, तिथे शेवाळ धरलं. रस्त्यापलीकडे बायका ओल्या गोणपाटाखाली मासळी झाकून बसायच्या. उन्हं वर आली की सौंदाळे मऊ पडायचे आणि मिळेल त्या भावाने जायचे. मामा ऑफिसच्या खिडकीतून दोन्ही बघत असायचा, इकडे ढीग आणि तिकडे गोणपाट. बोर्ड त्याने आठवड्याच्या आत उतरवला. तरी कुणी आलं नाही. बायका त्याच्याशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या त्याला 'साहेब' म्हणू लागल्या.

मला तुम्ही विचाराल, तू काय केलंस? माझ्या अभ्यास मंडळातले मित्र म्हणाले, लिही पत्रक, घरच्या माणसाला सूट नको. मी लिहायला बसणारच होते. एवढ्यात मामाच आला. त्या दिवशी वर्गात त्याला गृहपाठाची वही परत मिळाली होती. 'आपल्या संस्थेतील एका निर्णयाचे उदाहरण द्या' या प्रश्नाला त्याने चुऱ्याचा भाव लिहिला होता आणि सरांनी पैकीच्या पैकी गुण देऊन खाली 'उत्तम' म्हटलं होतं. ती वही त्याने पायरीवर उलटी ठेवली.

"बाय, मला एक पत्रक लिवून दे."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध," तो म्हणाला. मग विचार करून, "म्हणजे माझ्याकडून. माफीचं. तू तोंडी सांग म्हणशील, तर तोंडी कुणी ऐकून घेत नाय. मी गेलो की मासळीकडं बघतात. छापलेलं असलं तर हातात तरी धरतील."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी एका बैठकीत लिहून काढलं. नफ्याच्या आंधळ्या तत्त्वज्ञानाने कष्टकऱ्यांच्या पिढीजात हक्कांवर कसा घाला घातला, इथपासून सुरुवात होती. मामाने चष्मा लावून सावकाश वाचलं.

"झकास हाय," तो म्हणाला. "पण यात मी कुठाय?"

"तू व्यवस्थेचा बळी आहेस, मामा."

"बळी? खिळा मी ठोकला. रंग मी लावला. रंगाचा डबा अजून मोरीत हाय."

मी दुसरं लिहिलं. 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' त्याने कागद परत दिला. "हे लाइट गेल्यावर लिवतात. आणि आम्ही कोण? मी एकटा होतो." मी तिसरं लिहिलं, त्यात 'तथापि' आलं. 'तथापि' वाचून तो इतका दुःखी झाला की मी ते आपणहून फाडलं.

मग मी उठले आणि बाबांच्या फडताळातला पत्रकांचा गठ्ठा काढला. कुठेतरी नमुना असेल, तो बघून लिहू. निषेध होते, इशारे होते, जाहीर आवाहनं होती, पाठिंबे होते, 'याद राखा' होतं. माफी नव्हती. एकात 'माफी' हा शब्द सापडला, तर ती कंपनीने आमची मागावी अशी मागणी होती. बाबा सुट्टीवर आलेले होते, ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांना विचारलं, आपल्याकडे कधी कुणी माफीचं पत्रक काढलं होतं का? ते म्हणाले, "आपल्यात तो प्रकार नाही." पेपरचं पान उलटलं. थोड्या वेळाने पेपरामागूनच म्हणाले, "असायला हवा होता एखाद-दुसरा." मी गठ्ठा घेऊन तिथेच खाली बसले. 'क' कामगाराचा शिकलेल्या मला 'चुकलो' हा शब्द लिहिता येत नव्हता. लिहायला घेतला की पेन आपोआप दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहीत होतं.

शेवटी मामानेच लिहिलं, वहीच्या त्याच पानामागे. "बर्फाचा चुरा तुमचा होता. मी त्याला भाव लावला. माझी आई तिथूनच चुरा नेत होती, तो नेऊन तिने मला वाढवलं. हे मला माहीत होतं तरी लावला. चुकलो. बोर्ड काढला आहे." खाली सही केली, पुढे 'मॅनेजर' लिहिलं आणि ते खोडायला लागला. एवढ्यापुरती मी कामाला आले. म्हटलं, "हुद्दा राहू दे, मामा. चूक मॅनेजरचीच आहे." त्याने खोडलेलं पुन्हा नीट लिहिलं.

छापून आणलेली पत्रकं वाटायला मी त्याच्याबरोबर गेले. मी आजवर मोर्च्यात, फाटकांवर, एस.टी. स्टँडवर मान ताठ ठेवून पत्रकं वाटली आहेत. त्या सकाळी ओढणी कानापर्यंत आली होती. मामाने पहिलं पत्रक सुंदरामावशीपुढे धरलं. तिने घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. "मला कुठं वाचता येतंय, साहेब. तुमीच वाचा." सुंदरामावशी मोबाइलवर सुनेच्या माहेरचे निरोप वाचून त्यांवर टीका करते, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. मामालाही ठाऊक होतं. त्याने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"ऐकू येत नाय," ती म्हणाली. "बोर्ड केवढ्या अक्षरात होता."

मामाने मोठ्याने वाचलं. गिऱ्हाइकं थांबली. रिक्षावाले खाली उतरून उभे राहिले. 'माझी आई' इथपर्यंत तो बरा आला, मग त्याचा आवाज बसला. त्याने खाकरून तीच ओळ पहिल्यापासून घेतली आणि पुन्हा तिथेच बसला. मी त्याच्या हातातून कागद घेऊन पुढचं वाचायला हवं होतं. भाषणं करते मी. पण तो कागद माझा नव्हता, मला तो वाचायचा अधिकार नव्हता, हे त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं की हात पुढे झालाच नाही. तिसऱ्यांदा त्याने 'चुकलो'पर्यंत नेलं.

सुंदरामावशी सुरमईचे तुकडे करत होती. कोयता खाली न ठेवता म्हणाली, "तुझी आय असती तर पाठीत धपाटा घातला असता." कितीतरी दिवसांनी ती त्याला 'तू' म्हणाली होती. मग तिने मागचा रिकामा टब पायाने पुढे सरकवला. "आमी तिकडं येत नाय आता. पाय उठत नाय. तू भरून आण."

मामा टब घेऊन रस्ता ओलांडून गेला. मॅनेजरचा शर्ट, खिशाला पेन, आणि दोन्ही हातांत टब. भरून आणला तेव्हा रस्त्यात ट्रक होते, तो वाट बघत उभा राहिला आणि टबाच्या बुडातून पाणी त्याच्या पँटवर गळत राहिलं. तोवर इतर बायकांनीही आपापले टब ओळीने मांडून ठेवले होते.

ते अजून चालू आहे. बायका क्रशरपाशी पुन्हा कधीच गेल्या नाहीत. पहाटे तिथे जमायचं, एकमेकींच्या डोक्यावर टब चढवून द्यायचे, हसायचं, जागा झाडायची, ते सगळं त्या बोर्डाबरोबर गेलं, आणि बोर्ड काढल्याने परत आलं नाही. मामा रोज सकाळी टब वाहतो आणि आता गुडघे धरून बसतो. कमिटीने माणूस देऊ केला, तर नको म्हणाला. परीक्षा तो पास झाला. मामीने प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि क्रशरवरच्या रिकाम्या खिळ्याला लावा म्हणाली, तर म्हणाला, "त्या खिळ्याला नको." खिळा तसाच आहे. सुंदरामावशी अलीकडे त्याला आठवड्यातून एकदा बांगडा देते आणि तो वहीत काहीतरी लिहितो. काय लिहितो ते मी विचारलेलं नाही.

मी अधूनमधून जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने टबाची एक कडी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "काय सोडून आलीस गो?" मी म्हटलं, "काही नाही रे, अशीच आले." खोटं होतं. त्या सकाळी एक सभा होती. तिथे मला एका माणसासमोर जाऊन मामाच्या 'चुकलो'सारखंच एक वाक्य बोलायचं होतं. मी ते टाळून बर्फ वाहायला आले होते.

वाचकहो, एरवी मी शेवटी तुम्हाला हजारोंच्या संख्येने जमा व्हायला सांगते. आज एकेकटे या. पहाटे बंदराच्या रस्त्यावर खिशाला पेन लावलेला म्हातारा टब घेऊन ट्रक जायची वाट बघत उभा दिसला, तर टबाची दुसरी कडी धरा. चुरा रस्त्यातच अर्धा वितळतो, दोघांनी धरला तर थोडा जास्त पोचतो. तो तुम्हाला विचारील, काय सोडून आलात. त्याला खरं उत्तर द्या.